समुद्र नसलेल्या गावात शिडाच्या होडीचा पाठ



आज जरा वेगळा विषय घेतेय. मुलांना शिडाची होडी चालवायला कसं शिकवतात, आणि त्यातून आपल्या शाळेला, आपल्या गावाला काय घेता येईल?

तुम्ही म्हणाल, मॅडम, लिंबागणेशला उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, इथं होडी कुठून आणता? खरंय. आपण बालाघाटाच्या डोंगरावर राहतो आणि समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. पण हा पाठ मी आपल्याच मुलांसाठी निवडलाय. शेवटपर्यंत वाचा, म्हणजे का ते कळेल.

आधी बघू, आपल्याकडे पाणी कुठं आहे

वर्गात मुलांना एक प्रश्न विचारून बघा : "तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं खोल पाणी कुठलं?" आमच्या चौथीच्या मुलांनी फळा भरून यादी दिली. शेतातली विहीर, काकांचं शेततळं, पाझर तलाव, पावसाळ्यात फुगणारा ओढा, मामाच्या गावचा कॅनॉल. म्हणजे आपलं गाव कोरडं असलं तरी मुलांच्या आसपास पाणी आहेच. फक्त ते वर्षभर नसतं, त्यामुळं मुलांना त्याची सवय नसते.

शेततळ्याचंच घ्या. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्यात मोठ्यात मोठं शेततळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. ३ मीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट. चौथीतलं मूल असतं सव्वाचार फुटांचं. वरून पाणी जिरू नये म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ धरलेलं. आत गेलेल्या मुलाला उतारावर पाय रोवता येत नाही आणि धरायला काही नसतं. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा तिथं अडकतो.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कारखान्यांकडं निघतात. जी मुलं हंगामी वसतिगृहात राहत नाहीत ती आई-बापांबरोबर जातात, आणि त्यांची कोपी कुठं नदीच्या काठाला, कुठं कॅनॉलच्या कडेला पडते. इथं ज्यांनी वाहतं पाणी चार महिनेसुद्धा बघितलेलं नसतं, ती मुलं तिथं रोज कॅनॉलवर अंघोळीला जातात.

आपण मुलांना काय सांगतो? "पाण्याकडं जाऊ नको." एवढंच. पण मूल पाण्याकडं जाणारच आहे. आज नाही तर उद्या, आपण नसताना. म्हणून पाण्यापासून लांब ठेवणं ही अर्धीच काळजी झाली. उरलेली अर्धी म्हणजे पाणी शिकवणं.

विहिरीवरची जुनी शाळा

हे आपल्याकडं पूर्वी होतंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातला एखादा आजोबा किंवा थोरला चुलता पोरांना विहिरीवर न्यायचा. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा, कुठं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वर उभ्या माणसाच्या हातात. फी नाही, सर्टिफिकेट नाही. ज्याला येतं त्यानं ज्याला येत नाही त्याला शिकवायचं. आज ज्याला आपण स्वयंसेवकांनी चालवलेला क्लब म्हणू, तोच हा. फक्त त्याला नाव नव्हतं.

मग बोअर आले, पाणी खाली गेलं. बऱ्याच विहिरी आटल्या, आणि त्यांच्याबरोबर ही शाळाही बंद पडत गेली. शिवाय त्या शाळेत एक उणीव होती : मुलींना तिथं प्रवेश नव्हता. धुणं धुवायला, पाणी आणायला मुलगी पाण्यावर जाणार, पण पोहायला शिकणार मुलगा.

प्लायवूडच्या दोन फळ्यांची होडी

आता समुद्राकडं जाऊ. १९४७ सालची गोष्ट. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचं गाव आहे. तिथं ऑप्टिमिस्ट क्लब नावाचा, गावातल्या लोकांनी चालवलेला सेवाभावी क्लब होता. हा क्लब मुलांसाठी उतारावरून घरी बनवलेल्या लाकडी गाड्या पळवायची शर्यत भरवायचा. क्लिफर्ड मॅके या गृहस्थांनी सुचवलं, की पाण्यावरही असंच काहीतरी करू. पण होडी अशी पाहिजे की साध्या घरच्या मुलालाही परवडेल. क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्यानं मग प्लायवूडच्या दोन फळ्यांत बसेल अशी छोटी होडी आखली. आठ फूट बाय चार फुटाच्या दोन फळ्या. पुढचं टोकसुद्धा टोकदार केलं नाही, चपटंच ठेवलं, कारण तसं बांधायला सोपं आणि स्वस्त.

ती होडी म्हणजेच आजची 'ऑप्टिमिस्ट'. लांबी साधारण पावणेआठ फूट, वजन सुमारे ३५ किलो, एकच शीड. आज जगभरात १५ वर्षांपर्यंतची मुलं शर्यतीला याच होडीत बसतात. आपल्या देशातही मुलांना शीड शिकवायची सुरुवात बहुतेक ठिकाणी हिच्यावरच होते.

यात शिक्षक म्हणून मला भावलेली गोष्ट अशी, की होडीत मूल एकटं बसतं. सुकाणूचा दांडा एका हातात, शिडाचा दोर दुसऱ्या हातात. शेजारी मोठा माणूस नाही. तो असतो थोड्या अंतरावर, सुरक्षेच्या बोटीत, नजर ठेवून. विहिरीवरच्या दोराचं टोक धरून उभा असलेला आजोबा आठवा. जागा तीच आहे.

शिकवायचा क्रम

चांगल्या क्लबात शिडाची होडी साधारण या क्रमानं शिकवतात. आपण शिक्षकांनी हा क्रम नीट बघण्यासारखा आहे.

१. *आधी पाणी.* मुलाला पाण्यात मोकळं वाटलं पाहिजे, थोडंफार पोहता आलं पाहिजे. आणि पोहता येवो न येवो, जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत पाऊल नाही. हा नियम शिकवणाऱ्यालाही लागू.

२. *मग जमीन.* होडी काठावरच ठेवून तिचे भाग ओळखायचे : डोलकाठी, शीड, सुकाणू, पोटातून खाली पाण्यात जाणारी उभी फळी. दोराची आठाच्या आकड्यासारखी गाठ मारायला शिकायची. वारा कुठून येतो ते गालानं ओळखायचं.

३. *मग मुद्दाम होडी उलटी करायची.* हो, मुद्दाम! होडी पाण्यात आडवी पाडतात, मूल पाण्यात पडतं. मग ते होडी न सोडता वळसा घालून तळाकडं जातं, त्या उभ्या फळीवर अंगाचा भार देतं, होडी सरळ होते, मूल आत चढतं आणि पाणी उपसून काढतं. हे शिक्षकाच्या नजरेखाली, उथळ पाण्यात, पुन्हा पुन्हा.

४. *मग थांबायला शिकायचं.* शिडाचा दोर सैल सोडला की शीड फडफडतं आणि होडीचा वेग जातो. म्हणजे घाबरलास तर दोर सोड. हे आधी, पळवणं नंतर.

५. *शेवटी चालवणं.* वारा बाजूनं घेऊन दोन बोयांच्या मध्ये जायचं, यायचं. त्या दोन बोयांभोवती आठाचा आकडा काढायचा. ते जमलं की मग वाऱ्याच्या उलट दिशेला जायची विद्या.

तिसरी आणि चौथी पायरी पुन्हा वाचा. मुलाला सगळ्यात जास्त भीती ज्याची वाटते ते आधी घडवून आणायचं, आणि त्यातून बाहेर कसं यायचं ते त्याच्या हातापायाला शिकवायचं. होडी उलटलेल्या मुलाला मग होडी उलटण्याची धास्ती राहत नाही. त्याला पुढं काय करायचं ते माहीत असतं. आपण गणितात काय करतो? भागाकार चुकू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो, पण चुकल्यावर ताळा घेऊन तो दुरुस्त कसा करायचा हे शिकवायला वेळ उरत नाही.

समुद्राविना वाढलेली मुलं

"हे सगळं मुंबईच्या पोरांसाठी," असं कुणाला वाटेल. मुंबईत कुलाब्याला सी कॅडेट कोअरसारखी जुनी स्वयंसेवी संस्था आहे, एनसीसीचा नौदल विभाग आहे, हे खरंच. पण पुढची तीन उदाहरणं समुद्रापासून लांबची आहेत.

हैदराबादला समुद्र नाही, हुसेन सागर तलाव आहे. तिथं सुहेम शेख यांनी २००९ मध्ये यॉट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला आणि सरकारी शाळांतली, गरीब वस्त्यांतली मुलं-मुली शिडाच्या होडीत बसवली. त्यातलीच प्रीती कोंगारा पुढं भारताकडून आशियाई स्पर्धेत उतरली.

भोपाळला समुद्र नाही, बडा तलाव आहे. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली नेहा ठाकूर तिथं शिकली. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथं झालेल्या आशियाई स्पर्धेत तिनं मुलींच्या आयएलसीए-४ या होडीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. तेव्हा ती १७ वर्षांची होती.

तिसरं उदाहरण शिडाचं नाही, वल्ह्याचं आहे, पण आपल्या सगळ्यात जवळचं आहे. दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. दुष्काळी भाग. वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम त्यांनी केलं. सैन्यात भरती झाल्यावर पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्यानं नाव वल्हवण्याच्या प्रकारात ते तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक मिळवलं. पाण्यासाठी जमीन खोदणाऱ्या घरातला हा माणूस.

मला आपल्या वर्गातून ऑलिम्पिकवीरच घडवायचेत असं नाही. पण "आपल्याकडं पाणीच नाही" हे कारण पुरेसं नाही, एवढं यावरून कळतं.

वर्गात घ्यायचा पाठ : तिसरी ते पाचवी

आपल्याकडं समुद्र नाही, पण वारा भरपूर आहे. बालाघाटावर पवनचक्क्या उगीच उभ्या राहिल्या नाहीत. पाठाची सुरुवात तिथूनच करा. मुलांना विचारा, "वारा समोरून येतो, मग पवनचक्कीचं पातं मागं का जात नाही? ते बाजूला का फिरतं?" मुलांना विचार करू द्या, लगेच उत्तर सांगू नका.

*कृती १ : चिंचोक्याची गंमत.* प्रत्येकाला एक ओला चिंचोका द्या. दोन बोटांत धरून दाबायला सांगा. तो सटकन पुढं उडतो. आपण दाबलं दोन्ही बाजूंनी, चिंचोका गेला तिसऱ्याच दिशेला. शिडाच्या होडीचं असंच काहीसं होतं. एका बाजूनं वारा शिडाला रेटतो, दुसऱ्या बाजूनं पाणी त्या उभ्या फळीला अडवतं, आणि होडी मधून पुढं सटकते. पातंही वाऱ्याला असंच तिरकं धरलेलं असतं, म्हणून ते बाजूला फिरतं. शास्त्रात यापेक्षा बारीक स्पष्टीकरण आहे, पण चौथीला एवढं पुरतं.

*कृती २ : परातीतली होडी.* साहित्य : थर्माकोलचा तुकडा किंवा जुन्या स्लिपरचा तळ, झाडूची काडी, वहीचं पुठ्ठं, आइस्क्रीमची काडी, मोठी परात किंवा पसरट टोपलं. काडीची डोलकाठी, पुठ्ठ्याचं शीड, ते थोडं तिरकं बसवा. आधी खालची फळी न लावता बाजूनं वहीनं वारा घाला. होडी आडवीच वाहत जाते. मग आइस्क्रीमची काडी तळाला उभी खोचा आणि पुन्हा वारा घाला. आता आडवं घसरणं कमी होतं आणि ती पुढं जायला बघते. दोन्ही वेळा काय झालं ते मुलांना चित्र काढून वहीत लिहायला सांगा.

*कृती ३ : मैदानावरची शर्यत.* मूठभर माती वर उडवून वाऱ्याची दिशा ठरवा. वारा येतो त्या बाजूला एक झेंडा रोवा. आता मुलंच होड्या. नियम एकच : झेंड्याकडं सरळ चालायचं नाही. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही; दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंश सोडून तिरकं जावं लागतं. म्हणून मुलांनी तिरकं चालायचं, वळायचं, पुन्हा तिरकं. मैदानावर फक्कीनं त्यांची नागमोडी वाट आखा. पाचवीच्या मुलांना कोन मोजायला लावा. सरळ जाऊन किती पावलं झाली असती आणि नागमोडी जाऊन किती झाली, ते मोजा. भूमिती आपोआप होते. आमच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे समोरून वारा असला तरी पोचता येतं, फक्त लांबून जायचं?" हेच तर शिकवायचं होतं.

*कृती ४ : दोर फेक, उडी नको.* ही कृती चुकवू नका. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या. तो फेकता यावा म्हणून तळाला थोडंसं पाणी ठेवून झाकण घट्ट लावा. मुठीला लांब दोर बांधा. जमिनीवर फक्कीनं वर्तुळ आखून तेच शेततळं समजा, मधे एक मूल बसवा. बाकीच्यांनी काठावर पालथं झोपून किंवा खाली बसून कॅन फेकायचा, बसलेल्यानं धरायचा, आणि ओढायचं. तीन वाक्यं पाठ करून घ्या : आधी मोठ्यांना हाक मार. काठी, साडी, दोर जे असेल ते दे. स्वतः उडी मारू नको. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो आणि तिघंही जातात, हे आपण बातम्यांत वाचतो. दहा वर्षांच्या मुलाची मैत्री मोठी असते, पण ताकद लहान असते. त्याच्या हातात दोर दिला तर त्याला मैत्री निभावता येईल.

पालकांसाठी

तुमच्या शेतात शेततळं असेल तर या आठवड्यात एवढं करा. चारी बाजूंना खुंट्या ठोकून जाड दोर आत सोडा. दोराला हात-हात अंतरावर गाठी मारा, म्हणजे ओल्या हातातून सुटणार नाही. एक हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून काठावर ठेवा. जमलं तर भोवती कुंपण घाला.

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हेही लक्षात ठेवा. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? डोकं मागं, तोंड पाण्याच्या वर-खाली, आवाज नाही. म्हणून पाण्याजवळ मुलं असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त बघणं हेच असलं पाहिजे. मोबाइल खिशात.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, यात मोलाची मिनिटं जातात. १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास देणं आणि छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं लागतं. ते कसं करायचं हे प्रत्यक्ष शिकावं लागतं. आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शाळेत बोलवा आणि पालकसभेत एक तास त्यालाच द्या.

आणि पोहणं. गावात आजही ज्यांनी विहिरीत पोहणं शिकवलंय अशी पन्नाशी-साठीची माणसं आहेत. चार जण पुढं आले, पाणी असलेली एक सुरक्षित, पायऱ्यांची विहीर किंवा जवळचा पोहण्याचा तलाव ठरला, चांगली जीवरक्षक जाकिटं वर्गणीतून आली, तर सुट्टीत दहा-बारा मुलांची तुकडी सहज होईल. एका वेळी पाण्यात दोन-तीनच मुलं, काठावर दोर धरून मोठी माणसं. मुलींची वेगळी वेळ आणि सोबत आया-मावश्या. ज्या आईला पोहता येत नाही तिनंही यावं, मोजायला तरी. किती मुलं उतरली आणि किती वर आली, हे मोजणारं माणूस प्रत्येक क्लबात लागतं.

एवढं झालं की आपला क्लब झालाच. शीड नसेल, होडी नसेल, पण क्लिअरवॉटरच्या लोकांनी १९४७ ला केलं त्याच्या मुळाशी हेच होतं : गावातल्या मोठ्या माणसांनी आपला वेळ देऊन, परवडेल अशा साधनानं, सगळ्यांच्या मुलांना पाण्यावर नेलं.

शिक्षक मित्रांनो, चारही कृती एका आठवड्यात होतात. खर्च जवळपास काही नाही. सुरुवात चौथ्या कृतीपासून केली तरी चालेल, पण पावसाळ्याआधी करा. शेततळी भरायच्या आत आपल्या प्रत्येक मुलाच्या हाताला दोर फेकायची सवय झालेली असू द्या.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी जवळच्या पाण्याची यादी केली की ती पालकांनाही दाखवा. बऱ्याच जणांना ती नवीन असेल.